बिरड्याच्या मशीनला कुलूप

मित्रांनो, मी बिरडं सोलायची मशीन. मला सगळे जुनी म्हणतात, आणि त्याचाच मला राग येतो. माझं वय ते काय! तुमच्या घरातला पाटा माझ्यापेक्षा कितीतरी म्हातारा असेल, पण त्याला कोणी काही बोलत नाही. मी काम करून जुनी झाले नाही, बसून बसून झाले. आणि बसणं माझ्या स्वभावातच नाही हो! माझ्यात एक मोटर आहे, दोन रूळ आहेत, ते फिरायलाच केलेत. ते फिरले नाहीत की मला आतून नुसती तगमग होते. तेव्हा मी भराभरा सांगणार आहे. मध्ये थांबवू नका.

बिरडं म्हणजे काय ते पेण-रोह्याच्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहते, दाणा टुणकन बाहेर पडतो. एक दाणा सोलायला गंमत वाटते. टोपभर सोलायला बसलात की गंमत उतरते. पाठ भरून येते, नखांच्या कडा पाण्याने पांढऱ्या पडतात आणि फाटतात.

रोह्याच्या आमच्या मोहल्ल्यातली अमीना हेच काम करत आली. तिचं सोललेलं बिरडं दुकानात जायचं. कुवेतला, दुबईला निघालेल्या माणसाच्या बॅगेत तिचं गोठवलेलं एक पुडकं असायचंच. नवरा वारल्यावर तिने याच बिरड्यावर घर चालवलं आणि लेकीला शिकवलं. ती लेक म्हणजे रुखसार मुकादम. ती शिकून पेण आणि रोहा यांच्या मधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मॅडम झाली, यंत्रांचा विषय शिकवायला लागली.

एक दिवस डॉक्टरांनी अमीनाला बजावलं, आता हात पाण्यात घालायचे नाहीत. घरी येऊन ती फाटलेल्या बोटांना खोबरेल लावत बसली आणि लेकीवर डाफरली, “गो रुखसार, जगातल्या सगल्या मशिनी शिकवतेस पोरांना. माज्या बोटांची एक मशीन नाय का तुज्या पुस्तकात?”

रुखसार दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर घरी न जाता कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये गेली आणि तिने लोखंड कातायच्या लेथवर एक रूळ चढवला. असा माझा जन्म झाला, मित्रांनो. पेढे नाहीत, बारसं नाही, आईचे टोमणे खात खात मी जन्मले.

पहिल्यांदा माझे दोन्ही रूळ उघडे लोखंडी होते. मूठभर वाल टाकले तर खालून लगदा पडला. अमीना म्हणाली, “ही सोलते का चटणी वाटते?” मग रुळांवर टायरचं रबर आलं. ते इतकं कडक की दाणे मधोमध फुटले. मग कसलंसं मऊ फोम आलं, त्यातून वाल जसेच्या तसे बाहेर आले, सालीसकट! रुखसार घरी जेवताना ताटातला दाणा चिमटीत धरून दाबत बसायची, आणि अमीना ओरडायची, “जेव आधी!”

सुटका केली ती महिपती सरांनी. हे सर त्याच कॉलेजात मराठीचे शिक्षक आणि एकांकिकांचे लेखक. जोह्याचे राहणारे. तुम्हाला ठाऊक असेल, जोह्यात घरटी गणपतीचे कारखाने आहेत आणि मूर्ती रबराच्या साच्यातून काढतात. सर म्हणाले, “मॅडम, आमच्या हिरामणकडे चला. झिजलेले साचे कोपऱ्यात पडलेत. दुधासारखं मऊ रबर.” पेणहून एसटीने दोघं जोह्याला गेले. हिरामणने एक जुना साचा उलटा करून दाखवला आणि हसला. “घेऊन जा ना. ह्याच्यातून देवाची बोटं न मोडता सुटतात, तुमच्या वालाला काय होतंय?”

ते रबर माझ्या रुळांवर चढलं तेव्हा काय सांगू! रुखसारने एक रूळ दुसऱ्यापेक्षा जरासा जास्त वेगाने फिरेल असं केलं, अंगठा बोटावर घासतो ना, तसं. वरून वाल टाकले. साल एका बाजूला, अख्खा पांढरा दाणा दुसऱ्या बाजूला. एकही फुटला नव्हता. रुखसार वर्कशॉपच्या फरशीवरच बसली आणि डोळे पुसत हसायला लागली.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढे तिथेच माशी शिंकली. घरात नवी वस्तू आली, जातं असो, शेगडी असो, की तिच्यावरचं पहिलं काढलेलं घरात ठेवत नाहीत. शेजारीपाजारी वाटतात. नाहीतर वस्तूला बरकत येत नाही म्हणतात. मला शनिवारी घरी आणल्याबरोबर अमीनाने अख्ख्या मोहल्ल्याला आवाज दिला. अंगणात ओट्यावर मला ठेवलं, बायका गोल बसल्या, पलीकडच्या आळीतली ठमाबाईसुद्धा पदर खोचून आली. मी घरघरले आणि टोपच्या टोप भरला. बायका दाणे हातात घेऊन उलटसुलट करून बघत होत्या. “एक नख नाय लागला गो!” ठमाबाई ओरडली. रुखसारचा मामेभाऊ जुहेब कुवेतहून सुट्टीवर आला होता, त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि तिथल्या सगळ्या दोस्तांना पाठवला. त्या दिवशी घरोघरी बिरडं शिजलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर काही दिवस मी अमीनाच्या ओट्यावर राबले. तिची बोटं भरून यायला लागली. मग माझा एक पट्टा सैल झाला म्हणून रुखसार मला कॉलेजात घेऊन गेली, आणि मित्रांनो, मी तिथेच अडकले.

प्राचार्यांनी मला पाहिलं. त्यांना आनंद झाला, फोटो निघाले. आणि मग विद्यापीठाचा बौद्धिक संपदा कक्ष जागा झाला. केवढं हे नाव! साध्या भाषेत सांगायचं तर, शिक्षकांनी काही नवं शोधलं, तर ते कुणाचं, हे ठरवणारे लोक. कक्षाचे प्रमुख स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत पुसत बोलायचा.

“नियम स्पष्ट आहे, मॅडम. विद्यापीठाच्या साधनांनी जे यंत्र तयार झालं ते विद्यापीठाचं. पण काळजी नको, पेटंटवर संशोधक म्हणून नाव तुमचं राहील. पैसे मिळाले तर वाटाही मिळेल. एका कंपनीने चौकशीही केलीय.”

“रूळ कॉलेजच्या लेथवर झाले, ते मी नाकारत नाही,” रुखसार म्हणाली. “पण अम्मीची बोटं कुणाच्या साधनात धरणार?”

शेजारी महिपती सर बसले होते. ते एकदम उसळले. “आणि माझी एकांकिका? ती मी कॉलेजच्या कागदावर लिहिली. परीक्षेच्या हॉलमध्ये, पर्यवेक्षण करता करता लिहिली! मग तीही घ्या ना तुमच्याकडे.”

प्रमुख हसले. “नाही सर. पुस्तक, कविता, नाटक हे लिहिणाऱ्याचं. नियमातच तसं आहे.”

मला तर काही कळेचना. एकाच छताखाली दोन माणसं डोकं चालवतात. एकाचं डोकं त्याचं, आणि दुसरीचं डोकं कॉलेजचं? सरांनाही ते पटलं नाही. स्वतःची एकांकिका सुटली तरी त्यांचं तोंड उतरलं होतं.

रुखसारने एकच विचारलं, “पेटंट होईपर्यंत मशीन घरी नेता येईल? अम्मीचं काम अडलंय.”

“तेवढं नाही जमायचं. आणि आमच्या परवानगीशिवाय दुसरी करायची नाही, आतलं तंत्र कुणाला सांगायचं नाही. थोड्या महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

तिने सही केली. तिला वाटलं, नाव राहतंय, काम रीतसर होतंय, आणि अम्मीला सांगता येईल की तुझ्या लेकीचं पेटंट झालं. मलाही जरा हुरूप आला होता, खोटं कशाला बोलू. मला सरकारी शिक्का मिळणार होता! मग त्यांनी मला स्टोअररूमच्या लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि पत्र्याची एक पट्टी चिकटवली. विद्यापीठाची मालमत्ता, म्हणे.

पेटंटच्या वकीलबाई आल्या तेव्हा मला थोडा वेळ बाहेर काढलं. बाई चटपटीत. त्यांनी सगळं पाहिलं, मान डोलावली आणि शेवटी विचारलं, “अर्ज करण्याआधी ही कुठे लोकांसमोर दाखवली नाही ना? एकदा सगळ्यांनी पाहिली की ती नवी राहत नाही. मग पेटंट अवघड असतं.”

रुखसारला खोटं बोलता येत नाही, हा तिचा दोषच म्हणा. ती म्हणाली, “मोहल्ल्याने पाहिली. अंगणात. आमच्याकडे पहिलं काढलेलं वाटतात.”

“किती जणांनी पाहिली?”

“सगळ्यांनी. आणि खाल्लंसुद्धा. जुहेबने व्हिडिओ कुवेतला पाठवलाय.”

प्रमुखांनी चष्मा काढला आणि पुसायचंही विसरले. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. नवी वस्तू झाकून ठेवायची असते!”

“आमच्याकडे नवी वस्तू झाकत नाहीत, सर,” रुखसार हळूच म्हणाली. “मग आता पेटंट होणार नसेल तर मला परत द्या.”

“तसं कसं? निर्णय व्हायला हवा. कक्षाची बैठक होईल, मग बघू.”

झालं! घोंगडं भिजत पडलं. पेटंटही नाही आणि सुटकाही नाही. कंपनीने केव्हाच अंग काढून घेतलं होतं. पण मला परत देण्याचा निर्णय घ्यायचा कोणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी परत कपाटात गेले.

मित्रांनो, कपाटातले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भिंतीपलीकडे वर्कशॉप. लेथ सुरू झाला की त्याची घरघर माझ्या पायापर्यंत यायची. पोरं वेडीवाकडी कामं करायची, हत्यारं पाडायची, आणि मी नुसती ऐकत राहायचे. रोह्याकडे जाणारी गाडी शिटी द्यायची. तीच गाडी रुखसारला घरी न्यायची, आणि मी इथे! मला ओरडावंसं वाटायचं. पण मोटरला वीज नाही, ओरडणार कशी? उन्हाळ्यात कपाट तापलं की रुळांवरचं रबर ताठ होत चाललेलं मला जाणवायचं. एका जागी दाबून बसलेल्या रबरावर खळगा पडतो. माझ्यावर पडला.

रुखसार अधूनमधून यायची. स्टोअरच्या मालूताई तिला कपाट उघडून द्यायच्या. ती माझे रूळ हाताने थोडे फिरवायची आणि घरचं सांगायची. अमीना पुन्हा हाताने सोलायला बसली होती, बोटांना चिंध्या गुंडाळून. ईदच्या वेळच्या मागण्या तिने परत पाठवल्या. “अम्मी बोलत नाही माझ्याशी,” रुखसार एकदा म्हणाली, आणि माझं झाकण लावून तशीच उभी राहिली.

त्यात एक वेगळाच ताप. पेणच्या गणेश नावाच्या फॅब्रिकेशनवाल्याने जुहेबचा व्हिडिओ पाहून माझ्यासारखीच मशीन केली. बाहेरून हुबेहूब मी! पण आत कडक रबर. वालाचा भुगा. तो बिचारा रुखसारच्या घरी गेला. “मॅडम, रुळांना काय लावलंय तेवढंच सांगा. बायका रोज शिव्या घालतात मला.”

“मला सांगता येत नाही,” रुखसार म्हणाली. “सही केलीय.”

तो गेल्यावर अमीना आतून बाहेर आली. “शेजारणीने मीठ मागावा आन आपण नाय म्हणावा, तसा केलंस गो.” त्या दिवशी रुखसार रडली. हे तिनेच मला कपाटापाशी उभं राहून सांगितलं. तिच्या आईसाठी केलेली मशीन आईला मिळत नव्हती, दुसऱ्याला सांगता येत नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना ती नकोच होती. मी तिथे लोखंडाची असून माझा जीव कासावीस झाला.

बैठक होत नव्हती. कधी एक सदस्य नसायचा, कधी दुसरा. महिपती सर दर वेळी जाऊन भांडून यायचे. त्यांच्या एकांकिकेला मधल्या काळात बक्षीस मिळालं. तालुक्या-तालुक्यात प्रयोग झाले. नाटकाच्या शेवटी ते म्हणायचे, हे नाटक माझं आहे असं नियम म्हणतो, म्हणून मी दाखवू शकतो, आणि मग माझी, म्हणजे या मशीनची, गोष्ट सांगायचे. आतलं काही सांगायचे नाहीत, नुसतं एवढंच की अशी एक मशीन कपाटात आहे. लोक हळहळायचे. पण हळहळीने कुलूप उघडतं का?

कुलूप उघडलं ते भलत्याच कारणाने. कॉलेजची तपासणी करायला पथक यायचं ठरलं. धावपळ! भिंतींना रंग, बागेत कुंड्या, आणि स्टोअररूम रिकामी करायचा हुकूम, कारण तिथे म्हणे नवं संशोधन केंद्र दाखवायचं होतं. ऐका मित्रांनो, संशोधन केंद्र दाखवायला माझी जागा हवी होती! मालूताईंनी मोडक्या खुर्च्या, जळके पंखे आणि मी, असं सगळं भंगारात काढलं. पण माझ्यावर कक्षाची पट्टी होती. त्यांनी थेट प्रमुखांना फोन लावला. “साहेब, ही मशीन ठेवू कुठे? रंगवाले दारात उभे आहेत. हक्क सोडला असं लिहून द्या, नाहीतर तुमच्या केबिनमध्ये पाठवते.”

सही त्याच दिवशी आली. सगळे हक्क सोडले, असं स्पष्ट लिहून. इतके दिवस जे कुणालाच ठरवता येत नव्हतं ते रंगाच्या डब्यांनी ठरवून टाकलं. मला हसावं की रडावं कळेना.

भंगार घ्यायची कॉलेजच्या माणसांना मनाई असते. म्हणून सकाळी अमीना स्वतः रिक्षा घेऊन आली, चादर अंगावर घट्ट ओढून, हातांच्या चिंध्या तशाच. मला काट्यावर ठेवलं. ज्या मशीनच्या मालकीवरून एवढी भवती न भवती झाली, ती मी जळक्या पंख्याशेजारी लोखंडाच्या वजनाने विकली गेले. अमीनाने घासाघीस केली नाही. मला मांडीजवळ धरून ती रिक्षात बसली आणि वाटेत एकदाच म्हणाली, “सुकलीस गो.”

ओट्यावर आले. टोप समोर आला. मी किती वाट पाहिली होती त्या घटकेची! बटण दाबलं, मी घरघरले, आणि खालून भुगा पडला. नुसता भुगा. पुन्हा टाकले, पुन्हा भुगा. माझं रबर दगड झालं होतं. अमीना माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, भंगारात गेले तेव्हाही मला एवढी लाज वाटली नव्हती.

रुखसारने हात लावून पाहिलं, पिशवी उचलली आणि जोह्याला गेली. महिपती सर आणि हिरामण दोघेही तिच्याबरोबर आले. हिरामणने ताज्या साच्याचं रबर आणलं होतं, झिजलेलं नाही. “पहिल्या खेपेला जुनं दिलं,” तो म्हणाला, “आता नवीन घाला तिला.” रूळ फिरले. साल इकडे, दाणा तिकडे. अमीनाने एक दाणा उचलला, उजेडात धरला आणि लेकीच्या तोंडात घातला. कच्चाच! रुखसार तोंड वेडंवाकडं करत हसली.

पुन्हा सगळ्या मोहल्ल्याला आवाज गेला. ठमाबाई आली. जुहेब पुन्हा सुट्टीवर होता, त्याने मोबाइल काढला, पण या वेळी थबकला. “काढू ना, आपा? मागच्या खेपेला माझ्याचमुळे...”

“थांब,” रुखसार म्हणाली. तिने पाना घेतला आणि माझं झाकण काढून बाजूला ठेवलं. “आता काढ. आतलं सगळं घे. कुठला रूळ जास्त फिरतो ते घे. रबर जोह्याच्या साच्याचं आहे ते सांग. आणि पहिला पेणच्या गणेशला पाठव.”

“आन कोणी केली ते पण सांग,” अमीना मागून ओरडली. “रुखसार मुकादमने केली म्हणून सांग. इसरू नको!”

मित्रांनो, माझ्या अंगावर अजून ती विद्यापीठाची पट्टी आहे. अमीनाने ती काढली नाही, त्यावर ती सोललेल्या सालींचं पातेलं टेकवते. पेणला गणेशकडे मला चार बहिणी झाल्यात, म्हणजे त्याने केलेल्या मशिनी, आणि त्या दाणा फोडत नाहीत असं ऐकते. तुमच्यापैकी कोणी उद्या काही नवं कराल. मग त्याच्यावर नाव जरूर घाला. नाव आपलं असावं, त्यात लाजायचं काही नाही. नियम आधी वाचा, सही नंतर करा. पण केलेली वस्तू कपाटात घालू नका हो. तिला काम द्या. आणि कुणी मोठा माणूस येऊन म्हणाला की झाकून ठेव, तर त्याला आधी विचारा, कोणासाठी?

आणखी पुष्कळ सांगायचं होतं. पण मोड आलेत, अमीनाने टोप आणलाय, आणि तिच्या बोटांना आज एकही चिंधी नाही. जरा बाजूला सरका, तिला बटण दिसू द्या.